दिव्यावर आलेला हा पतंग की आणखी काही? (लिम्पोपो, दक्षिण आफ्रिका) – ओळख हवी आहे

दूरदेशी

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या खाणीतल्या नोकरीमुळे आम्ही सध्या लिम्पोपो प्रांतात मोकोपानेच्या जवळ राहतो. नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की इथे व्हरांड्यातल्या दिव्याखाली रोज नवी पाहुणेमंडळी हजर. त्यातलाच हा एक. पंख चांगले रुंद, रंग मळकट पांढरा, त्यावर तपकिरी आडवे पट्टे आणि अंगभर केसच केस. बसताना पंख उतरत्या छपरासारखे मिटतो आणि मग अजिबात हलत नाही. पट्टीशेजारी धरून पाहिलं, पुढचा पंख साधारण दोन सेंटिमीटर भरला.

शेजारचे आजोबा जन्मभर इथेच शेती करत आलेत. त्यांनी लांबूनच "मॉथ!" म्हणून निकाल लावला. फोनवरचं अ‍ॅप मात्र "सिल्की लेसविंग" म्हणतंय, आणि खाली तीन वेगवेगळी लॅटिन नावं देतंय. चार फोटो जोडलेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पतंगप्रेमी

फोटो सुंदर! मला तरी पतंगच वाटतोय. लेसविंग म्हणजे ती नाजूक हिरवी, सोनेरी डोळ्यांची माशी ना? हा तर चांगला झुबकेदार गडी आहे.

वाचनमात्र

वाचतोय. खुणेची जागा.

रानहळद

पतंग नाही, असं माझं मत. दुसरा फोटो मोठा करून बघा. मिशा आखूड आणि साध्या आहेत. पंखांच्या कडेला जी नक्षी दिसतेय ती रंगाची नाही, शिरांची आहे. पण यापुढे माझी धाव नाही. कीटकखाते सर, आहात का?

कीटकखाते

आहे, आहे. दुपारची झोप झाली की धागे वाचतो.

अ‍ॅप कुळापर्यंत बरोबर आलंय. हा पतंग नाही. हा न्यूरोप्टेरा गणातला, म्हणजे जाळीपंखी कीटकांतला, सायकोप्सिडी कुळातला प्राणी आहे. इंग्रजीत यांनाच सिल्की लेसविंग म्हणतात. आजोबांना दोष देऊ नका. या कुळाला पतंग समजणं ही जगभरची रीत आहे.

पतंग नाही हे ठरवायला तीन गोष्टी पुरतात. पहिली, पतंगाच्या पंखावर खवले असतात आणि बोट लावलं की भुकटी हाताला लागते. याच्या पंखावर केस आहेत, भुकटी लागणार नाही. दुसरी, बहुतेक पतंगांना गुंडाळलेली सोंड असते, याला चावणारे जबडे. तुमच्या तिसऱ्या फोटोत तोंड थोडं दिसतंय आणि सोंड कुठेही नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे शिरा. पतंगाच्या पंखात उभ्या शिरा असतात, आडव्या जेमतेम. इथे आडव्या शिरांच्या ओळीच्या ओळी आहेत.

केसाळ पंखांचा, छपरासारखे पंख मिटणारा आणखी एक उमेदवार आहे, कॅडिसफ्लाय. नदीकाठच्या घरात तो दिव्यावर खूप येतो. पण त्याच्याही पंखात आडव्या शिरा मोजक्याच, आणि जबडे नावापुरते. त्यामुळे तोही बाद.

दूरदेशी

सर, मनापासून आभार! बोट लावून पाहिलं, भुकटी नाही. (पाखरू प्लास्टिकच्या डब्यात आहे, झाकणाला भोकं पाडलीत.) आता पुढचा प्रश्न, यातली नेमकी जात कोणती? अ‍ॅपने दिलेली तीन नावं अशी: सिल्वेइरा मार्शली, सिल्वेइरा रुफा, झायगोफ्लेबियस झेब्रा. अंगावर पट्टे आहेत म्हणजे झेब्राच असणार ना?

टोकाची_शंका

पट्टे आहेत म्हणून झेब्रा, या न्यायाने आमच्या सोसायटीतलं मांजरही वाघ आहे.

पतंगप्रेमी

😂

कीटकखाते

शंकासाहेबांनी माझं काम हलकं केलं.

दूरदेशी ताई, आता जरा सावकाश लिहितो, कारण खरी गंमत इथून पुढे आहे.

सायकोप्सिडी हे छोटं कुळ आहे. आज हयात असलेल्या जाती जगभर मिळून तीसच्याही आत. त्या राहतात तीनच भागांत: आफ्रिकेचा दक्षिण अर्धा भाग, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियातल्या सायकोप्सिस या जीनसमधल्या (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट), आशियातल्या बाल्मेस या जीनसमधल्या. आफ्रिकेत तीन जीनस: झायगोफ्लेबियस, सिल्वेइरा आणि काब्रालिस. आफ्रिकेतले हे तिन्ही एका उपकुळात धरले जातात, झायगोफ्लेबियिनी. जॉन ओसवाल्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये जगभरच्या सगळ्या जीनसची नव्याने छाननी केली. आज आपण ज्या चौकटीत बोलतो ती मुख्यतः तिथून आलेली आहे.

आता पंख बघा. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला एक रुंद पट्टा आहे, त्यात बारीक आडव्या शिरा दाटीने बसल्यात. त्या पट्ट्याखाली तीन जाड शिरा अगदी जवळून, एकमेकींना समांतर, सरळ पंखाच्या टोकाकडे जातात. तिथे पोचण्याआधी आडव्या शिरेने त्या एकत्र बांधल्या जातात. या तिघी म्हणजे सबकोस्टा, रेडियस आणि रेडियल सेक्टर. या जुडग्याला 'वेना ट्रिप्लिका' म्हणतात आणि ही या कुळाची मुद्राच आहे. केळीचं पान डोळ्यासमोर आणा: मधला जाड दांडा म्हणजे ही तिहेरी शीर, आणि तिच्यातून खालच्या कडेकडे निघालेल्या समांतर शिरा म्हणजे रेडियल सेक्टरच्या फांद्या. तुमच्या पहिल्या फोटोत डाव्या पंखावर हा दांडा स्वच्छ दिसतोय. म्हणून कुळाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्या फांद्यांना आडव्या शिरा जोडतात. त्या वाटेल तशा विखुरलेल्या नसतात, पायऱ्यांनी ओळीत लागलेल्या असतात. अशा ओळी किती, त्या पंखाच्या कडेपासून किती आत, वरच्या रुंद पट्ट्यातल्या शिरा एकट्या सुटतात की त्यांनाही जोडणारी एखादी ओळ आहे, हे मोजायचं असतं. रंग शेवटी.

रंगावर माझा विश्वास का नाही ते सांगतो. केस झडले की पट्टा फिका पडतो. ताज्या पाखराचा रंग वेगळा, आठवडाभर दिव्यांना धडका दिलेल्याचा वेगळा, आणि पेटीत पन्नास वर्षं टाचणीला लागलेल्याचा तर सगळाच वेगळा. एकाच जातीत गडद आणि फिके नमुने शेजारी शेजारी सापडतात.

रानहळद

सर, मग फोटोवरून जीनस तरी सांगता येईल का?

कीटकखाते

या चार फोटोंवरून मी जीनसवरही शिक्का मारणार नाही. सिल्वेइरा आणि झायगोफ्लेबियस वरवर किती सारखे दिसू शकतात याचा पुरावा नावातच आहे. ओसवाल्डने १९९४ मध्ये झायगोफ्लेबियसमधल्या एका नव्या जातीला 'स्यूडोसिल्वेइरा' म्हटलं, म्हणजे सिल्वेइराचा तोतया. तज्ज्ञाला नावातच इशारा द्यावासा वाटला तर अ‍ॅपने तीन नावं फेकली यात नवल नाही.

कॅमेरावाला

माझे दोन पैसे. फोटो परत काढणार असाल तर:

डबा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको हं). पाखरू मंदावतं, मरत नाही. मग पांढऱ्या कागदावर घेऊन बरोबर वरून एक, बाजूने एक, पोटाकडून एक फोटो. शेजारी मिलिमीटरची पट्टी. फ्लॅश बंद, केसांवर चमक येते आणि शिरा हरवतात.

सगळ्यात कामाचा फोटो म्हणजे मागून उजेड देऊन काढलेला. मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनवर पारदर्शक डबा ठेवा, वरून फोटो घ्या. केस गायब होतात आणि शिरांचं जाळं काळं उठून दिसतं. मी ताम्हिणीत मुंगीसिंहाच्या प्रौढ माश्यांचे असेच काढले होते.

दूरदेशी

वा, ही स्क्रीनची युक्ती भारी आहे. आज रात्री करून बघते.

वऱ्हाडी_कपाशी

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे कपाशीत मावा-तुडतुडे आले की कृषी विभागाचे लोक क्रायसोपाची अंडी असलेली कार्डं लावायला सांगतात. ती हिरवी माशी या पाखराची नातेवाईक का? आम्ही तर तिला मित्रकीड म्हणूनच ओळखतो.

कीटकखाते

नातेवाईकच, पण लांबची. गण एक, कुळं वेगळी. तुमची क्रायसोपिडी कुळातली.

भाऊ, तुमच्या प्रश्नात आफ्रिकेचा एक धागा लपलाय. आमच्या वेळच्या पुस्तकांत आपल्या शेतातल्या त्या माशीचं नाव 'क्रायसोपर्ला कार्निया' असं छापलेलं असायचं. मी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात तेच शिकवलं, कारण मान्य नावच ते होतं. नंतर कळलं की कार्निया ही एक जात नाही, दिसायला जवळपास सारख्या जातींचा मोठा गोतावळा आहे. या माश्या पोट थरथरवून पानातून कंपनं पाठवतात, नर-मादीचं दुहेरी गाणंच असतं ते. प्रत्येक जातीचं गाणं वेगळं. ती गाणी यंत्रावर टिपून जाती वेगळ्या केल्या गेल्या, आणि भारतातल्या माशीला आता 'क्रायसोपर्ला झास्त्रोवी सिलेमी' म्हणतात. यातली मूळ झास्त्रोवी डॅनिश अभ्यासक एस्बेन-पीटरसनने १९२८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातून वर्णन केलेली. म्हणजे तुमच्या कपाशीतली मित्रकीड आणि ताईंच्या अंगणातली हिरवी माशी एकाच जातीच्या दोन उपजाती.

वऱ्हाडी_कपाशी

आता घ्या! कार्डवर अजून कार्नियाच छापून येते पण.

टोकाची_शंका

मला एक मूलभूत शंका आहे. पट्टे नकोत, रंग नको, फोटो नको. मग जात ठरवता तरी कशावर?

कीटकखाते

नराच्या पोटाच्या टोकावर.

हसू नका. बहुतेक कीटकगटांत हेच आहे. नर आणि मादीचे अवयव एकमेकांत बसावे लागतात, त्यामुळे त्यांची ठेवण जातीगणिक वेगळी आणि जातीच्या आत बऱ्यापैकी स्थिर. करतात असं: मेलेल्या नमुन्याच्या पोटाचं टोक कापतात आणि साधारण दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. स्नायू-चरबी विरघळून जाते आणि कडक भाग तेवढे उरतात. मग ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या बाजूंनी चित्रं काढायची. शेवटच्या कड्यावरचे एक्टोप्रॉक्ट, आतली गोनार्कस नावाची कमान, तिला जोडलेले काटे आणि पट्ट्या. मादीत आतल्या पिशव्या आणि नळ्या इतक्या पारदर्शक असतात की रंग चढवल्याशिवाय दिसत नाहीत. त्यासाठी क्लोराझोल ब्लॅकचा एखादा थेंब वापरतात. काम झालं की ते टोक ग्लिसरीनच्या चिमुकल्या कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावायचं. टोक एकीकडे आणि पाखरू दुसरीकडे गेलं की सगळं मातीमोल.

बो टेडर या स्वीडिश अभ्यासकाने दक्षिण आफ्रिकेच्या जाळीपंखींवर ग्रंथमाला लिहिली, तिचा सायकोप्सिडीवरचा भाग १९६० चा. सिल्वेइरा रुफा आणि सिल्वेइरा ऑकल्टा ही दोन्ही नावं त्याने त्याच वेळी दिली. त्याआधी ब्रिटिश म्युझियममधल्या किमिन्सने १९३९ मध्ये सिल्वेइरा जॉर्डनी हे नाव दिलं होतं. मार्शली त्याहून जुनं, मॅक्लाक्लनचं, १९०२. ते गाय मार्शल यांच्या नावावरून. तेव्हा ते सॉल्सबरीत, म्हणजे आजच्या हरारेत, राहून कीटक जमवायचे. आणि तुमचा झेब्रा या सगळ्यांचा आजोबा, व्हिएन्नाच्या ब्राउअरने १८८९ मध्ये नाव दिलेला.

रानहळद

आणि जीनसची नावं कोणाची? सिल्वेइरा आणि काब्रालिस ऐकायला पोर्तुगीज वाटतात, गोव्याच्या दाखल्यातली आडनावं असावीत तशी.

कीटकखाते

तिन्ही जीनस लोंगिनोस नावास यांचे. स्पेनमधले जेझुइट पाद्री, झारागोझाला शिकवायचे, १८५८ ते १९३८. झायगोफ्लेबियस १९१० चा, बाकी दोन १९१२ चे. हा माणूस म्हणजे स्वतंत्र धाग्याचा विषय. जगभरातून लोक त्यांना नमुने पाठवायचे आणि ते शेकड्यांनी नवी नावं द्यायचे. वर्णन लॅटिनमध्ये, बऱ्याचदा चार ओळींचं. एकाच जातीला दोनदा नाव दिल्याचेही प्रकार आहेत. नंतरच्या दोन पिढ्या त्यांच्यामागे झाडू घेऊन फिरल्या. पण नियम असा की आधी दिलेलं वैध नाव टिकतं, वर्णन कितीही त्रोटक असो. म्हणून नावासना टाळून या कुळात पाऊल टाकता येत नाही. मला त्यांचा रागही येतो आणि कौतुकही वाटतं.

वाचनमात्र

अवांतर: अळ्यांबद्दल कोणी लिहील का? मुंगीसिंहासारखे खड्डे करतात का हे?

कीटकखाते

खड्डे नाहीत. यांच्या अळ्यांची सगळ्यात तपशीलवार माहिती ऑस्ट्रेलियातून आली. टिलयार्डने १९१८ च्या सुमारास सायकोप्सिस एलेगन्सचा पूर्ण जीवनक्रम लिहून काढला. निलगिरीच्या खोडांवर, सुटलेल्या सालीखाली या अळ्या दबा धरून बसतात आणि झाडाच्या चिकाकडे येणारे किडे पकडतात. डोकं भलंमोठं, जबडे लांब, विळ्यासारखे वाकडे आणि दातांशिवाय. प्रत्येक जबडा म्हणजे दोन भाग जुळून झालेली पोकळ नळी. भक्ष्याला भोसकायचं, आतून विरघळवायचं, ओढून घ्यायचं.

आणि मुलांना सांगायला मजेची गोष्ट: जाळीपंखींच्या अळीला शी करता येत नाही. मधलं आतडं मागच्या बाजूने बंद असतं. सगळं साठवून ठेवायचं आणि प्रौढ झाल्यावर एकदम बाहेर टाकायचं. त्या मागच्या वाटेचा अळी वेगळा उपयोग करते. शरीरातल्या मालपिघी नलिका (एरवी उत्सर्जनाच्या नळ्या) रेशीम बनवतात आणि ते तिथून बाहेर काढून ती कोष विणते.

पतंगप्रेमी

मुलाला वाचून दाखवलं. आता तो दिवसभर हेच सगळ्यांना सांगत फिरतोय. सर, तुम्हाला हिशोब द्यावा लागेल.

कोकणातली_सर

एवढ्या लांबलांबच्या तीन ठिकाणीच कसे काय राहिले हे? मध्ये कुठेच नाहीत?

कीटकखाते

आज नाहीत, पण पूर्वी होते. बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या झाडांच्या गोठलेल्या डिंकात, या कुळातले कीटक सापडलेत. त्या जीनसचं नाव प्रोप्सायकोप्सिस. म्यानमारच्या अंबरात तर जवळजवळ दहा कोटी वर्षांपूर्वीचे, अळ्यांसकट. आज जे दिसतं ते एका मोठ्या राज्याचे उरलेले तीन तालुके. त्यांचे जवळचे, पूर्ण नष्ट झालेले भाऊबंद म्हणजे कॅलिग्रॅमॅटिडी. ज्युरासिक काळात, फुलपाखरांच्या कितीतरी आधी, त्यांच्या पंखांवर फुलपाखरासारखे डोळ्यांचे ठिपके होते आणि तोंडाला सोंड.

टोकाची_शंका

काडी टाकतो, रागावू नका. समजा ताईंचं पाखरू नवीन जात निघाली. तर तिला नाव देण्यासाठी मारायचं? एवढ्या मोजक्या जाती उरलेल्या कुळातला एक जीव, कागदावर दोन शब्द छापण्यासाठी?

रानहळद

शंका, यावेळी मी तुमच्या बाजूने आहे. उच्च दर्जाचे फोटो, डीएनएसाठी पायाचा एक तुकडा, एवढ्यावर का भागत नाही?

कीटकखाते

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र तुम्हाला आवडेल असं नाही.

नवी जात वर्णन करताना एक नमुना 'होलोटाइप' म्हणून ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहालयात ठेवलाय हे सांगावं लागतं. २००० सालापासून प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या संहितेत हे स्पष्टपणे सक्तीचं आहे. ते नाव कायमचं त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या कोणी म्हणालं की या दोन जाती खरं तर एकच, तर तो पेटीतला नमुना बाहेर काढूनच वाद सुटतो. फोटो कितीही चांगला असला तरी तो उलटून पाहता येत नाही, पोटॅशमध्ये घालता येत नाही. नावासनी दिलेली नावं नंतरच्या लोकांना तपासता आली ती जिथे नमुने टिकले तिथेच. जिथे नमुने हरवले तिथे नुसता गोंधळ उरला.

दुसरं, एका पाखराने हे कुळ बुडणार नाही. ते बुडेल ते जिथे राहतं ते रान गेल्याने. पण "म्हणून हवे तेवढे मारा" असंही मी म्हणत नाही. ताईंनी तर मुळीच मारू नये. परवान्याशिवाय राखीव भागातून काही गोळा करणं तिथे गुन्हा आहे. नमुना कुरियरने भारतात कुणाला पाठवणं हाही भलताच उद्योग, नागोया करारानंतर जैविक नमुन्यांच्या ये-जा करण्यावर प्रत्येक देशाचे नियम आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते त्यांच्या देशातल्या लोकांनी बघावं.

टोकाची_शंका

पटलं असं नाही, पण उत्तर प्रामाणिक आहे.

रानहळद

मला होलोटाइपचा मुद्दा पटला, मारण्याचा अजून नाही. पण धाग्याचा काश्मीर नको, इथेच थांबते.

दूरदेशी

बाप रे, एका दिवसात केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. पाखरू काल रात्रीच सोडून दिलं, त्यामुळे तो वाद माझ्यापुरता मिटला. सोडण्याआधी स्क्रीनवर ठेवून फोटो काढले. ते आता चढवलेत, पाच ते नऊ. पोटाकडून काढलेला आठवा.

सर, "त्यांच्या देशातल्या लोकांनी बघावं" म्हणजे मी नक्की कुणाकडे जाऊ?

कॅमेरावाला

सहावा फोटो!!! ती तिहेरी शीर आता मलाही दिसली. डेस्कटॉपवर ठेवावा असा आहे.

कीटकखाते

सहावा उत्तम. पायऱ्यांच्या ओळी मोजता येतात, उजव्या पंखावर जास्त स्वच्छ. कडेच्या रुंद पट्ट्यातल्या शिराही सुटसुटीत दिसतायत.

कुणाकडे जायचं तर: केपटाउन विद्यापीठात सुरू झालेल्या व्हर्च्युअल म्युझियममध्ये 'लेसविंगमॅप' नावाचा विभाग आहे. मर्विन मॅन्सेल यांनी दक्षिण आफ्रिकेच्या जाळीपंखींवर आयुष्यभर काम केलं, त्यांच्या कामाच्या आधारावर तो उभा राहिला. तिथे फोटो, तारीख आणि नकाशावरचं ठिकाण टाका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरही टाका, पण अ‍ॅपने सुचवलेलं जातीचं नाव स्वीकारू नका. 'सायकोप्सिडी' इतकंच लिहा आणि बाकी ओळखणाऱ्यांवर सोडा. अ‍ॅपच्या नावाला चार जणांनी "सहमत" म्हटलं की चुकीचं नाव नकाशावर पक्कं होतं आणि पुढे अ‍ॅप त्यावरूनच शिकतं.

नोंदीत हे विसरू नका: गावाचं नुसतं नाव नको, अक्षांश-रेखांश द्या. समुद्रसपाटीपासून उंची. दिवा कोणत्या रंगाचा होता, पांढरा की पिवळा. रात्री किती वाजता आला. त्या दिवशी पाऊस होता का. अंगणात आणि कुंपणापलीकडे कोणती झाडं आहेत. जुन्या संग्रहांत लेबलवर नुसतं 'माशोनालँड' (आजच्या झिम्बाब्वेतला मोठा प्रदेश) लिहिलेले नमुने आहेत, म्हणजे महाराष्ट्रात सापडलेल्या पाखरावर 'दख्खन' लिहावं तसं. त्यावरून ते कुठल्या रानात राहत होतं हे कोण सांगणार?

दूरदेशी

अंगणात आंबा आणि जॅकरांडा. कुंपणापलीकडे मारुला आणि काटेरी बाभळीसारखी झाडं, त्यापुढे खाणीचा ढिगारा. दिवा पांढरा एलईडी. वेळ साडेआठ ते नऊ, संध्याकाळी चांगला पाऊस झाला होता. सगळं लिहिते.

रानहळद

त्या बाभळींच्या सुटलेल्या साली दिवसा जपून उचलून बघा. अळी दिसली तर मात्र सोनं! साल परत जागेवर ठेवायला विसरू नका.

वऱ्हाडी_कपाशी

आणि विंचू बघा आधी. साल उचलायची तर काडीने.

दूरदेशी

विंचू इथे खरंच आहेत, काडीनेच उचलेन. 🙂

सर, आठव्या फोटोवरून नर की मादी हे कळतं का?

कीटकखाते

आठव्यात पोटाचं टोक केसांत अर्धं बुडालंय, पण नराच्या टोकाशी जे उठावदार भाग अपेक्षित असतात ते दिसत नाहीत. मादी असावी. म्हणजे शिरांवरून तिथले लोक जीनसपर्यंत नक्की पोचतील, जातीसाठी मात्र नर लागेल.

पावसाळा अजून बराच बाकी आहे. तोच पांढरा दिवा चालू ठेवा, मागे जुनी चादर टांगा. नर आला की आधी पोटाकडून फोटो, मग बाकीचे. आणि ते याच धाग्यात टाका, नवीन धागा काढू नका.

वाचनमात्र

पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)